जांभा भाजून गॅमा अल्युमिना होत नाही

गेल्या रविवारी सकाळी साडेसहाला जांबोटीहून मामांचा फोन. इतक्या सकाळी मामा फोन करतात ते कुणी गेल्याचं सांगायलाच, म्हणून घाबरत उचलला. मामा म्हणाले, "काय गे, तू कॉलेजात केमिस्ट्री शिकवतीस न्हवं? मग गॅमा म्हंजे काय ते सांग बघू. आमच्या रानात हाय म्हणं."

मामा मे महिन्यात निवृत्त झाले. एकतीस वर्षं सरकारी बस चालवली, त्यातली निम्मी चोर्ला घाटात. फंडाचे पैसे आत्ता कुठे खात्यात पडलेत. त्यातले साडेतीन लाख गुरुवारी एका माणसाला द्यायचे ठरले होते, आणि त्याआधी भाचीला एकदा विचारावं म्हणून हा फोन होता. कशाच्या जोरावर ठरलं, तर एका मेसेजच्या. तोच मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर तीन वेळा आला होता. तिन्ही वेळा मी तो अर्धवट वाचून सोडून दिला. खोटं दिसत होतं तेव्हाच लिहायला हवं होतं. आता लिहिते.

ज्यांच्याकडे तो आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वर ठळक अक्षरांत, "सीमाभागातल्या मराठी माणसा, तुझ्या पायाखाली पांढरं सोनं आहे!" खाली असं: जगभरच्या तेलशुद्धी, खत, प्लास्टिक आणि गाड्यांच्या कारखान्यांना 'कॅटॅलिस्ट सपोर्ट' नावाची पावडर लागते. तिचा जागतिक बाजार वर्षाला साडेपाच टक्क्यांनी वाढतोय, म्हणून पैसे तीन वर्षांत दुप्पट. ही पावडर म्हणजे अल्युमिना, अल्युमिनियमचं ऑक्साइड, आणि आपली लाल माती म्हणजे अल्युमिनाच. कॉस्टिक सोडा आणि छोटी भट्टी असली की अंगणात तयार होते. बेळगावात ती करणारा कारखाना आहेच. इलेक्ट्रिक गाड्या आल्या की मागणी आणखी वाढणार. साखर कारखान्यांच्या इथेनॉललाही हीच लागते. यंत्राचे साडेतीन लाख भरा, तयार होईल तेवढा माल कंपनी बाँड पेपरवर विकत घेईल.

आधी तो साडेपाच टक्क्यांचा आकडा निकालात काढते, कारण त्याला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. ७२ ला वाढीच्या दरानं भागलं की दुप्पट व्हायला लागणारी वर्षं साधारण मिळतात. ७२ भागिले साडेपाच म्हणजे तेरा वर्षं. तीन वर्षांत शंभराचे एकशे सतरा होतात. तीन वर्षांत दुप्पट हवे असतील तर दर सव्वीस टक्के लागतो. मेसेज लिहिणाऱ्यानं स्वतःच दिलेल्या आकड्याचा हिशेब केलेला नाही. आणि मामा, पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला. ज्या बाजाराच्या वाढीवर तुम्ही भुललात ती वाढ पोस्टाच्या व्याजापेक्षा कमी आहे.

शिवाय बाजार वाढला म्हणजे तुमचा धंदा वाढला असं नसतं. हे टक्के येतात बाजार-अहवाल विकणाऱ्या संस्थांच्या जाहिरातवजा बातम्यांतून. अहवाल महागडा असतो, तो कुणी विकत घेत नाही, वरची फुकट ओळ मात्र सगळीकडे फिरते. वाढ डॉलरमध्ये मोजलेली असते, म्हणजे नुसती किंमत चढली तरी बाजार वाढलेला दिसतो. आणि ती वाढ जाते आधीपासून तिथे बसलेल्यांकडे: सासॉल, ग्रेस, बीएएसएफ, सेंट-गोबेन असली नावं. उसाचा भाव वाढला म्हणून ज्याच्याकडे ऊसच नाही त्याला काय मिळतं?

आता मामांचा खरा प्रश्न. गॅमा म्हणजे काय, आणि सपोर्ट म्हणजे काय.

उत्प्रेरक स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवतो, हे दहावीच्या पुस्तकात आहे. पुस्तकात हे नसतं की हा उत्प्रेरक पुष्कळदा धातू असतो, तोही बहुधा महाग, प्लॅटिनम, पॅलेडियम, चांदी, कधी निकेल, आणि क्रिया फक्त त्याच्या पृष्ठभागावर होते. धातूचा गोळा ठेवला तर आतला सगळा धातू फुकट जातो. बियाण्याचं पोतं शेताच्या एका कोपऱ्यात ओतून पीक येत नाही, पसरून पेरावं लागतं. धातू हे बियाणं आणि सपोर्ट हे शेत. मराठीत त्याला आधारद्रव्य म्हणू. अल्युमिनाच्या सच्छिद्र जातीला गॅमा म्हणतात. चांगल्या गॅमा अल्युमिनाच्या एका ग्रॅममध्ये आतल्या सूक्ष्म छिद्रांचा मिळून दोनशे चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो. एक गुंठा म्हणजे साधारण एकशे एक चौरस मीटर. म्हणजे चिमूटभर पावडरीत दोन गुंठे, आणि वीस ग्रॅममध्ये एक एकर.

हे मापून दाखवता येतं. १९३८ साली ब्रुनॉर, एमेट आणि टेलर या तिघांनी त्याची पद्धत अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात मांडली. उणे १९६ अंश सेल्सिअसला नायट्रोजन पावडरीवर बसू द्यायचा, किती बसला ते मोजायचं आणि त्यावरून पृष्ठभाग काढायचा. तिघांच्या नावांवरून तिला बीईटी म्हणतात. शहाऐंशीच्या वर वर्षं झाली, आजही आधारद्रव्याच्या प्रमाणपत्रावर हा आकडा असतोच. माझ्या सगळ्या म्हणण्याचा भार मी या एका गोष्टीवर टाकते, कारण मेसेजमधली अर्धी वाक्यं ती एकटी खोटी पाडते. या धंद्यात पावडर नुसत्या वजनावर विकली जात नाही. तिच्या आतले गुंठे विकले जातात, छिद्रांचा आकार विकला जातो, दाण्याची ताकद विकली जाते, आणि सोडियम किती कमी आहे ते विकलं जातं. मामांना आलेल्या माहितीपत्रकात भाव किलोवर होता आणि बीईटीचा आकडा कुठेच नव्हता. सातबारा किंवा उतारा न बघता आपण जमीन घेतो का?

लाल मातीकडे येते, कारण राग खरा तिथे आहे.

आपली लाल माती जांभ्याची. जांभ्यात अल्युमिनियम असतं, हे खरं. पण तो लाल असतो लोहामुळे. नुसता भाजला तर अधिक लाल होतो, पांढरा होत नाही. ज्या थरात अल्युमिनियम पुरेसं दाटलेलं असतं त्याला बॉक्साईट म्हणतात आणि ते जांभ्याच्या पठारांवर ठिकठिकाणी सापडतं, सगळीकडे नाही. चंदगड-राधानगरीच्या पठारांवरून बॉक्साईटचे ट्रक बेळगावकडे येताना आपण पिढीभर पाहिले. ते ट्रक इतके लांबून का यायचे, याचा तरी विचार करा. गल्लीतल्या मातीत तेच असतं तर डिझेल कशाला जाळलं असतं? आणि बॉक्साईट काढायचं तर १९५७ च्या खाण व खनिज कायद्याखाली पट्टा लागतो, रान आपलं असलं तरी.

बॉक्साईटमधून अल्युमिना वेगळी काढायची रीत कार्ल बायर यानं १८८८ च्या सुमारास बांधली, ती अजून चालते. दळलेलं बॉक्साईट कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात दाबाखाली, १४०-१५० अंशांच्या वर तापवायचं. अल्युमिना विरघळते, लोह तळाशी राहतं. गाळून निवळीत जुने स्फटिक विरजणासारखे टाकायचे आणि तासन् तास, कधी दोन दिवस, हळूहळू थंड होऊ द्यायचं. मग हायड्रेटचे, म्हणजे पाणी धरून असलेल्या अल्युमिनाचे, स्फटिक खाली बसतात. ते धुवायचे आणि भाजायचे. एक टन अल्युमिनाला दोन ते तीन टन बॉक्साईट, आणि मागे टनाला टनभर किंवा जास्त लाल चिखल.

मेसेजमधली 'घरगुती कृती' अशी: माती चाळा, कॉस्टिकच्या उकळत्या पाण्यात चार तास ढवळा, वरची निवळी काढा, सुकवा, भाजा. विरजणाचा पत्ता नाही. निवळी तशीच सुकवली तर हाती येतं सोडियम अल्युमिनेट आणि उरलेला कॉस्टिक, म्हणजे ओल्या हाताला लागली तर कातडी सोलणारी पांढरी भुकटी. ती 'तयार माल' म्हणून पोत्यात भरा असं लिहिलंय.

आणि सोबतचा फोटो पाहा. चुलीवर जर्मलचं पातेलं. जर्मल म्हणजे अल्युमिनियम. कॉस्टिक सोडा अल्युमिनियमला खातो, पातेलं फसफसतं आणि हायड्रोजन वायू सुटतो, आणि खाली चूल पेटलेली. बारावीच्या मुलांना आम्ही हे परीक्षानळीत, चिमूटभर घेऊन, चष्मा लावायला सांगून दाखवतो. इथे दहा लिटर. ज्याला अल्युमिनियमवर कॉस्टिक चालत नाही एवढं माहीत नाही, तो माणूस साडेतीन लाख घेऊन अल्युमिनाचा धंदा शिकवायला निघालाय.

मामींनी सांगितलं, हे काम 'घरातल्या बायकांनाही जमेल' असं त्या माणसानं दोनदा म्हटलं. म्हणजे ढवळायला मामी आणि सून. उकळता कॉस्टिक डोळ्यात उडाला तर डोळा जातो. आम्लाची जखम वरवर राहते कधी कधी, अल्कली आत आत शिरत जातं. कुणी ही कृती आधीच करून पाहत असेल तर तिथेच थांबा. अंगावर किंवा डोळ्यात उडालंच तर वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटं धरा आणि तसेच दवाखाना गाठा. लिंबू, व्हिनेगर, तूप काही लावू नका.

तो उरलेला लाल चिखल कुठे टाकायचा, तर मेसेज म्हणतो 'गोठ्यामागे खड्डा काढा'. मामांचं रान ओढ्याला लागून आहे. ओढा मलप्रभेला मिळतो. मलप्रभा कणकुंबीत उगम पावते, हब्बनहट्टीच्या मारुतीला वळसा घालून खानापूरकडे जाते, पुढे सौंदत्तीजवळ नविलुतीर्थच्या धरणात साठते आणि हुबळी-धारवाडच्या नळाला येते. कॉस्टिक मुरलेला चिखल म्हणजे काय ते हंगेरीत दिसलं आहे. ४ ऑक्टोबर २०१० रोजी आयका गावाजवळ अल्युमिना कारखान्याच्या लाल चिखलाचा बांध फुटला. दहा माणसं गेली, शंभरावर जखमी झाली, आणि मार्कल नदीतला जीव मेला. ते प्रचंड तळं होतं, मामांचा खड्डा लहान आहे, मला फरक कळतो. पण खड्ड्यापासून विहीर चाळीस पावलांवर आहे, आणि असे खड्डे मेसेज गावागावात काढायला सांगतोय.

समजा, कुणी जादू केली आणि या चुलीतून शुद्ध हायड्रेट निघालंच. तरी ते आधारद्रव्य नव्हे. बायर पद्धतीच्या अल्युमिनात थोडं सोडियम राहतंच, साधारण अर्धा टक्का वगैरे. अल्युमिनियम धातू करायला ते चालतं. उत्प्रेरकाला बहुधा चालत नाही, कारण अल्युमिनाच्या पृष्ठभागावरच्या ज्या आम्लधर्मी जागा काम करतात त्या सोडियम मारून टाकतं. म्हणून उत्तम प्रतीचा माल वेगळ्याच रस्त्यानं, धातूपासून अल्कोक्साइड नावाचं संयुग करून त्यातून बनवतात, किंवा हायड्रेटवर पुन्हा बरीच मेहनत घेतात. भाजणंही नेमकं हवं. पाचशे-सहाशे अंशांना बोहमाइट या जातीच्या हायड्रेटची गॅमा होते. अकराशेच्या वर गेलात तर तिचीच अल्फा होते, छिद्रं मिटतात आणि दोन गुंठ्यांची एका खोलीएवढी जागा उरते. अल्फाही लागते, इथिलीन ऑक्साइडच्या कारखान्यात चांदी अल्फावरच बसवतात, पण कुठली हवी आणि किती हवी हे ठरवून करावं लागतं. चुलीला तापमापक नसतो.

डिस्टिलरीच्या मण्यांबद्दलही सांगायला हवं, कारण मामांना पटलं ते त्यामुळे. शेजारचा मुलगा एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत कामाला आहे. त्यानं मूठभर पांढरे मणी आणून दाखवले: "मामा, ह्योच तो माल, टनानं लागतो." मुलगा खोटं बोलत नव्हता, त्याला तसं सांगितलं गेलं होतं. ते मणी झिओलाइट नावाच्या सूक्ष्म भोकांच्या पदार्थाचे, थ्री-ए जातीचे. नुसत्या ऊर्ध्वपातनानं अल्कोहोल साडेपंचाण्णव टक्क्यांच्या आसपास अडतं, उरलेलं पाणी सुटत नाही. या मण्यांची भोकं तीन अँगस्ट्रॉमची, म्हणजे रेणूच्या मापाची, पाण्याचा रेणू आत शिरतो, इथेनॉलचा शिरत नाही. म्हणजे ते चाळणीचं काम करतात, उत्प्रेरकाचं नाही. मळीच्या इथेनॉलपासून इथिलीन करणं भारतात चालतं आणि त्या क्रियेला अल्युमिना लागते, एवढं मेसेजमधलं खरं. आपल्याकडचं इथेनॉल मात्र पेट्रोलात मिसळायला आणि दारूकडे जातं.

इलेक्ट्रिक गाड्यांचं वाक्य तर उलटंच आहे. गाडीच्या धुराड्यात कॉर्डिएराइट नावाच्या सिरॅमिकची मधाच्या पोळ्यासारखी वीट असते, तिच्यावर गॅमा अल्युमिनाचा पातळ लेप आणि त्यावर प्लॅटिनम-पॅलेडियम. अमेरिकेत १९७५ च्या गाड्यांपासून ती आली, आपल्याकडे १ एप्रिल २०२० ला धुराचे बीएस-सहा नियम लागू झाल्यावर तिची गरज आणखी वाढली. इलेक्ट्रिक गाडीला धुराडंच नसतं. त्या वाढल्या की ही मागणी कमी होणार.

बेळगावात कारखाना आहे, हे मात्र पूर्ण खरं. यमनापूरचा हिंडाल्कोचा, पूर्वीचा इंडाल. तिथून अल्युमिना आणि हायड्रेटच्या विशेष प्रती सिरॅमिक, भट्टीच्या विटा, तुरटी अशा कामांसाठी बाहेर जातात. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील, आजोबा तिथे होते. त्यांतल्या कुणालाही विचारा, अंगणात होईल का. गावात विमानतळ आहे म्हणून आपण घरी विमान बांधत नाही.

कॉलेजात येण्याआधी सहा वर्षं मी कोकणातल्या एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. हायड्रोजनेशनला, म्हणजे रेणूला हायड्रोजन जोडायला, पॅलेडियम बसवलेला कोळसा वापरायचो, तिथे आधारद्रव्य कोळसा. एकदा स्वस्त मिळतो म्हणून नव्या ठिकाणचा एक ड्रम आणला. पॅलेडियम बरोबर होतं, कोळशाचा दाणा ठिसूळ होता. ढवळताना त्याचं पीठ झालं, ते गाळणीतून पार झालं, आख्खी बॅच काळी निघाली आणि पॅलेडियमही तिच्यासोबत गेलं. चार दिवस आणि चार रात्री आम्ही ती बॅच गाळत होतो. त्यानंतर नवा पुरवठादार घ्यायचा तर आठ-नऊ महिने नुसत्या चाचण्या चालायच्या. हा मध्यम कारखाना. तेलशुद्धी कारखान्यात उत्प्रेरक टनांनी भरतात आणि तो दोन-चार वर्षं उघडत नाहीत. दाणे चुरले तर वायूची वाट बुजते आणि सगळं युनिट थांबवावं लागतं. असा गिऱ्हाईक जांबोटीतल्या गोणीतून माल घेईल?

तरी 'कंपनी घेईल' म्हणतात. बाँड पेपरवर लिहून देणार आहेत. हेच वाक्य आपण आधी ऐकलंय. २०१२ साली तमिळनाडूत ईमूचं, २०१९ साली इस्लामपुरात कडकनाथ कोंबडीचं. पक्षी द्यायचे, खाद्य द्यायचं, अंडी आणि पिल्लं आम्हीच घेऊ म्हणायचं, सुरुवातीच्या काहींना वेळेवर पैसे द्यायचे, म्हणजे ते चार पाहुण्यांना घेऊन येतात, आणि एक दिवस फोन बंद. इस्लामपूरच्या वेळी सांगली-कोल्हापूरकडची आपली नातेवाईक माणसं त्यात होती. कोंबडी निदान खाता तरी आली. ही भुकटी कुणाला विकणार?

ठेव म्हणून पैसे घेतले तर २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा आडवा येतो, म्हणून मागणी 'यंत्राच्या किमती'ची असते, असं मला वाटतं. यंत्र म्हणून काय देणार ते मामांनी चित्रात दाखवलं. एक चाळणी, एक पिंप आणि बेकरीत असते तसली ओव्हन. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये ते चित्र दाखवून किंमत विचारा.

नमुन्याची पुडीही दिली होती, 'आमच्या केंद्रात तयार झालेला माल'. मंगळवारी मी जांबोटीला गेले तेव्हा कॉलेजातून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी बाटली नेली. ओसरीवर, मामा-मामी आणि तो शेजारचा मुलगा यांच्यासमोर काचेच्या ताटलीत पुडीतली चिमूट घेतली आणि दोन थेंब टाकले. फसफसून बुडबुडे आले. अल्युमिनाला बुडबुडे येत नाहीत. ती कार्बोनेटची भुकटी होती. मामींनी उठून देवघरातली रांगोळी आणली, म्हणाल्या, ह्याच्यावर टाक. तशीच फसफसली.

सगळ्यात जास्त लागली ती मेसेजची पहिली ओळ. सीमाभागातल्या मराठी माणसा. पुढे असंही आहे की आपल्याला कुणी कारखाने दिले नाहीत, नोकऱ्या दिल्या नाहीत, म्हणून आता स्वतःच्या मातीवर उभं राहा. पोरं पुण्याला आणि गोव्याला जातात, घरं मागे रिकामी राहतात, हे दुःख खोटं नाही. ते मामांचं आहे, माझंही आहे. दोन्ही भाऊ पिंपरीत आहेत. १९५६ पासून जे आपल्या मनात सलतं ते नेमकं हेरून कुणी साडेतीन लाखांची पावती फाडत असेल, तर तो आपला माणूस नव्हे, मग मेसेज कितीही शुद्ध मराठीत असो. मामांनी मला तेच सांगितलं, "आपलीच माणसं हायत गे, मराठीत बोलत्यात." हे ऐकून मला रडू आलं.

या विषयात मराठी मुलुखात खरं काम झालेलंही आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात एन्सिलाइट हा झिओलाइट उत्प्रेरक तयार केला आणि तो झायलीनच्या कारखान्यात प्रत्यक्ष चालला. त्यामागे वर्षानुवर्षांचं संशोधन आणि मोठ्या कंपन्यांची साथ होती. कुणाच्या मुलाला या वाटेनं जायचं असेल तर त्यानं रसायन घेऊन बीएस्सी करावं, माझ्याकडे यावं, मी लागेल ती पुस्तकं देईन. आणि मातीवरच उभं राहायचं असेल तर खानापूरच्या कुंभारांना विचारा, तिथली चिकणमाती आणि तिथलं कुंभारकामाचं शिक्षण दोन्ही खरी आहेत.

मामांना मी एका कागदावर तीन गोष्टी मराठीत लिहून दिल्या. बुधवारी त्यांनी त्या माणसाला फोनवर वाचून दाखवल्या. एक, मालाचा बीईटी आकडा कुठल्या प्रयोगशाळेनं दिला त्याचं प्रमाणपत्र. दोन, त्यात सोडियम किती. तीन, माल घेणाऱ्या कारखान्याची खरेदी ऑर्डर, नावासकट. पलीकडचा आधी हसला, मग म्हणाला "तुमच्या जागेवर दुसरे थांबलेत," आणि संध्याकाळी त्याच्या ग्रुपमधून मामांना काढून टाकलं.

मामांचे पैसे खात्यातच आहेत. पोस्टाचा फॉर्म मी सोमवारी घेऊन जाणार आहे. पण जांबोटीतल्या दोघांनी गेल्या महिन्यातच भरलेत, त्यातल्या एकानं बायकोचे दागिने ठेवून. त्यांच्या पावत्यांचे फोटो मामांनी काल रात्री पाठवले. एकावर 'यंत्र' आहे, दुसऱ्यावर नुसतं 'ॲडव्हान्स', शिक्का कुठल्याच पावतीवर नाही. खानापूर, बेळगाव, चंदगड, निपाणीकडे आणखी कुणी असे पैसे दिले असतील तर पावती, बाँड आणि फोनवरचे मेसेज पुसू नका, मला पाठवा. सगळ्यांची मिळून एकच तक्रार द्यायची आहे, आणि ती पुढच्या हप्त्याच्या तारखेआधी जायला हवी.